चौदाशे अठ्ठ्याण्णवला दीड

अपूर्वाचा फोन वर्षातून दोनदा यायचा. एकदा दिवाळीला, एकदा बळवंतरावांच्या वाढदिवसाला. दोन्ही फोन मिळून पाच मिनिटांच्या वर जात नसत. "तब्येत कशी आहे?" "बरी आहे." "औषधं घेताय ना?" "घेतो." मग तिकडून एक 'अच्छा' यायचा, आणि त्यानंतर बोलण्यासारखं बापलेकीकडे काही उरायचं नाही. त्यामुळे नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, दिवाळी उलटून तीन आठवडे झालेले असताना, फोनवर तिचं नाव दिसलं तेव्हा काहीतरी वाईट झालंय अशीच बळवंतरावांची खात्री झाली.

"बाबा, एक विचारायचं होतं. बिझी नाही ना?"

"नाही. काय झालं? चैतन्य बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत. ऑफिसचं काम आहे. गाडीचं इंजिन चौदाशे अठ्ठ्याण्णव सीसीचं असतं, आणि मागे लिहितात दीड लिटर. असं का?"

बळवंतरावांनी जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि ते बसले.

बळवंत टिपणीस साताऱ्याहून दिल्लीला आले ते सत्त्याहत्तर साली. सरकारी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाईल विभागात त्यांनी तेहतीस वर्षं शिकवलं. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअर यांच्यावर कुणी काही विचारलं की फळा नसला तरी त्यांचा हात हवेत चालायला लागायचा. पण गेल्या साडेचार वर्षांत मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांना कुणी काही विचारलेलंच नव्हतं. बायको विजयालक्ष्मी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. एकुलती एक मुलगी यमुनेपलीकडे, नवरा चैतन्यबरोबर गुरुग्रामला. मेट्रोने सव्वा तास. त्या सव्वा तासात दोघांपैकी कुणीच पाऊल टाकलं नव्हतं.

"आधी मला सांग," ते म्हणाले, "सीसी म्हणजे काय ते ठाऊक आहे?"

"क्युबिक सेंटीमीटर. म्हणजे इंजिन केवढं मोठं आहे ते."

"चूक. इंजिन केवढं हे बघायचं तर वजन कर, लांबी मोज. सीसी म्हणजे सिलिंडरमधली जागा. पिस्टन अगदी खाली असतो तिथपासून अगदी वर जाईपर्यंत जेवढी जागा झाडून काढतो तेवढी. एका सिलिंडरची काढायची आणि जितके सिलिंडर असतील तितक्यांनी गुणायची."

'सिलिंडर' हा शब्द तोंडातून गेला आणि ते थबकले. पण पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता. अपूर्वा लिहून घेत होती.

"झाडून काढतो. हे मस्त आहे," ती म्हणाली. "मी 'विस्थापन' लिहिलं होतं."

"विस्थापन? धरणात गाव गेल्यासारखं वाटतं ते."

ती हसली. तिचं ते हसू त्यांनी शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना.

तिची नोकरी गाड्यांची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटमध्ये होती. वेबसाइटने नुकतीच मराठी आवृत्ती काढली होती आणि ऑफिसात मराठी येणारी ती एकटी. पण दिल्लीत वाढलेल्या मुलीचं मराठी ते. घरात बोलायचं, बाहेर पडलं की गळून जायचं. 'स्ट्रोक'ला तिला मराठी शब्द सापडत नव्हता. बळवंतराव म्हणाले, "धाव म्हण. पिस्टनची धाव." तिने "धाव, धाव" असं दोनदा म्हणून बघितलं.

"पुढच्या रविवारी फोन केला तर चालेल?" तिने विचारलं. "हे लंबं चालणार आहे. चार-पाच भाग आहेत."

"चालेल की," ते म्हणाले.

त्यानंतरचा आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांनाच माहीत. जुनी पुस्तकं माळ्यावरून काढली. दोनशे पानी वही आणली. मंगळवारी औषधाच्या दुकानातून दहा सीसीची एक आणि पाच सीसीची एक अशा दोन सिरिंज आणल्या. पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या तासाला ते नेहमी तेच करायचे. रविवारी अकराला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा त्यांनी दाढी केलेली होती, इस्त्रीचा शर्ट घातलेला होता.

"हे बघ. ही इंजेक्शनची नळी म्हणजे सिलिंडर. आतला दट्ट्या म्हणजे पिस्टन. नळीची रुंदी म्हणजे बोअर, व्यास. दट्ट्या किती लांब सरकतो ती धाव. आता मी हा दट्ट्या ओढला. किती हवा आत आली?"

"दहा सीसी."

"म्हणजे हे दहा सीसीचं एक सिलिंडर झालं. अशा चार नळ्या शेजारी ठेव, चाळीस सीसीचं इंजिन. इतकं सोपं आहे. लोक उगीच घाबरतात."

मग त्यांनी तिच्याकडून खरं गणित करून घेतलं. व्यास त्र्याहत्तर मिलिमीटर, धाव साडेएकाहत्तर, सिलिंडर चार. अर्ध्या व्यासाचा वर्ग, गुणिले पाय, गुणिले धाव, गुणिले चार. तिने मोबाईलवर करायला घेतलं तर ते ओरडले, "कागदावर!" तिने कागदावर केलं. अकराशे सत्त्याण्णव आले तेव्हा लहानपणी पाढे बरोबर आल्यावर बघायची तशी ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी तिला सांगितलं की गाड्यांचे आकडे नेहमी अकराशे सत्त्याण्णव, अकराशे नव्व्याण्णव, चौदाशे सत्त्याण्णव असेच का असतात. पेट्रोलच्या छोट्या गाडीला बाराशेची रेघ, डिझेलला पंधराशेची. रेघेच्या वर गेलं की कर जास्त. म्हणून कंपन्या रेघेच्या तोंडाशी येऊन थांबतात. टर्बो लावला की सीसी तेवढेच राहतात, पण हवा दाबून भरली जाते, त्यामुळे छोटं इंजिन मोठ्याचं काम करतं, हेही सांगितलं. मध्ये एकदा चैतन्य कॅमेऱ्यासमोर आला, वाकून नमस्कार म्हणाला आणि गेला. एकदा तिने विचारलं, "जेवलात का?" एकदा त्यांनी विचारलं, "स्वेटर घातलायस ना? तिकडे उंचावर वारा फार." अपूर्वा-चैतन्यचा फ्लॅट एकोणिसाव्या मजल्यावर होता. बळवंतरावांनी तो अजून पाहिलेला नव्हता.

आईचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

चौथ्या रविवारी तिने पहिला प्रश्न पुन्हा काढला.

"आता सांगा, चौदाशे अठ्ठ्याण्णवला दीड का म्हणतात?"

"बोलायला सोपं म्हणून. हजार सीसी म्हणजे एक लिटर. चौदाशे अठ्ठ्याण्णव म्हणजे एक पूर्णांक चारशे अठ्ठ्याण्णव लिटर. एवढं कोण बोलणार? जवळचा आकडा घेतात, दीड म्हणतात. काही वेळा जवळचाही घेत नाहीत. बाराशे अठ्ठेचाळीसच्या इंजिनाला सर्रास एक पॉइंट तीन म्हणायचे. खरं तर एक पॉइंट दोन व्हायला हवं. पण तीन मोठं वाटतं."

"म्हणजे मोजलेलं वेगळं आणि सांगितलेलं वेगळं."

"हो."

"पण बाबा, असं अंदाजे सांगितलं तर काही बिघडतं का?"

प्रश्न अगदी साधा होता. वाचकाने विचारावा असा. ती पेन दातात धरून उत्तराची वाट बघत होती. बळवंतराव म्हणाले, "गाडीत नाही बिघडत," आणि दारावर कुणीतरी आलंय असं सांगून त्यांनी फोन ठेवला. दारावर कुणी आलेलं नव्हतं.

एप्रिलचा तो दिवस त्यांना तासातासाने पाठ होता.

शहरात कुठल्याच दवाखान्यात खाट नव्हती. विजयालक्ष्मी आतल्या खोलीत पलंगावर होती. चैतन्य स्वतः तापाने फणफणलेला, गुरुग्रामला एका खोलीत बंद. अपूर्वा आईवडिलांकडे येऊन राहिली होती. सकाळी सोसायटीतल्या कुणीतरी ऑक्सिजनचा सिलिंडर मिळवून दिला. आणणारा म्हणाला, "दस लीटर वाला है, फुल है." अकरा वाजता बळवंतरावांनी तो जोडला. दाबाचा काटा दीडशेवर होता, ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दहा लिटर हा आकडा मात्र त्यांनी फक्त कानांनी ऐकला होता. दहा लिटरच्या जागेत दीडशे पट दाबून भरलेला ऑक्सिजन, म्हणजे दहा गुणिले दीडशे, पंधराशे लिटर. मिनिटाला पाच लिटर सोडायचे. तीनशे मिनिटं. पाच तास.

घरात आधीचा एक रिकामा सिलिंडर होता. तो भरून आणायला अपूर्वा गाडी घेऊन फरीदाबादला निघाली. तिथल्या एका कारखान्यात ओळखीने नंबर लागला होता. दारात तिने विचारलं, "बाबा, किती वेळ आहे आपल्याकडे?"

"चार वाजेपर्यंत."

"नक्की?"

"मी मोजलंय."

दोन वाजून वीस मिनिटांनी सिलिंडरला जोडलेल्या पाण्याच्या छोट्या बाटलीतले बुडबुडे थांबले. बळवंतरावांनी नळी पाहिली, रेग्युलेटर पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. काटा शून्यावर होता. तीन वाजून पाच मिनिटांनी विजयालक्ष्मी गेली. तीन वाजून वीस मिनिटांनी अपूर्वा भरलेला सिलिंडर घेऊन, लिफ्ट बंद होती म्हणून जिन्याने, एकेका पायरीवर तो टेकवत वर आली.

"इतका उशीर?" त्यांनी विचारलं. तेव्हा तिला अजून काही कळलेलं नव्हतं. धापा टाकत ती म्हणाली की तिच्या मागे एक बाई होती, तिचा नवरा गाडीत मागच्या सीटवर अगदी शेवटच्या घटकेला आलेला. ती बाई हात जोडत होती. आपल्याकडे चारपर्यंत वेळ होता, म्हणून तिला पुढे जाऊ दिलं. वीस मिनिटं गेली, फार नाही.

आणि बळवंतराव शेजाऱ्यांसमोर बोलून गेले, "लोकांवर उपकार नंतर केले असतेस तर आई असती."

ऑक्सिजन लवकर कसा संपला, असं तिने दोन दिवसांनी विचारलं. ते म्हणाले, "तिचा श्वास एकदम खालावला. फ्लो आठवर न्यावा लागला." ते खोटं होतं. फ्लो पाचवरच होता. आदल्याच दिवशी तो संपलेला सिलिंडर परत करायला नेताना त्याच्या मानेवरचा नवा रंग त्यांच्या अंगठ्याखाली खरवडला गेला होता, आणि खाली लोखंडात ठोकलेला आकडा उघडा पडला होता. सहा पूर्णांक सात. दहा लिटर नव्हेच. सहा पूर्णांक सात गुणिले दीडशे, भागिले पाच. दोनशे एक मिनिटं. अकरा वाजल्यापासून दोन वाजून एकवीस मिनिटं.

तेहतीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, ऐकलेला आकडा धरू नका, धातूवर कोरलेला वाचा.

उद्या सांगू, असं त्या दिवशी त्यांनी ठरवलं. मग तेरावा झाल्यावर सांगू. मग अपूर्वा गुरुग्रामला गेली, आणि ती गोष्ट सांगण्यासाठी जी हिंमत लागते ती दर महिन्याला थोडी थोडी कमी होत गेली.

त्या चौथ्या रविवारनंतर बळवंतराव तीन दिवस नीट जेवले नाहीत. बुधवारी त्यांनी स्वतःहून फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुझं लिहून झालं असेल तर मला वाचायला दे. कुठेतरी भेटू या."

ती म्हणाली, "शनिवारी सदनात भेटू? कँटीनमध्ये. तुम्हाला पण जवळ, मला पण डायरेक्ट मेट्रो आहे."

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाचं कँटीन दिल्लीतल्या मराठी माणसांना ठाऊक असतं. अपूर्वा लहान असताना महिन्यातून एकदा तिघं जुन्या सदनात थालीपीठ खायला जायचे. शनिवारी बळवंतराव मंडी हाउसला उतरले, रिक्षा केली आणि सांगितलेल्या वेळेच्या चाळीस मिनिटं आधीच पोचले.

ती आली. कॅमेऱ्यात दिसत नव्हते ते कानाजवळचे पांढरे केस इथे दिसले. चाळिशीही झाली नव्हती तिची. तिने छापलेली पानं टेबलावर ठेवली, दोन थाळ्या सांगितल्या.

"वाचा ना. तुमचं नाव पण टाकलंय शेवटी. मार्गदर्शन, बळवंत टिपणीस."

त्यांनी पानं हातात घेतली, पण वाचली नाहीत.

"अपू, तू परवा विचारलंस ना, अंदाजे सांगितलं तर काही बिघडतं का म्हणून."

"हो, तुम्ही म्हणालात गाडीत नाही बिघडत. मी तेच लिहिलंय."

"आईचा सिलिंडर दहा लिटरचा नव्हता."

तिने वर पाहिलं.

"सहा पूर्णांक सातचा होता. मानेवर कोरलेलं होतं, रंगाखाली. मी बघितलंच नाही. तो माणूस दहा म्हणाला, मी दहा धरले. चार वाजेपर्यंतचा हिशोब चुकला माझा. तिला काही झालं नव्हतं. श्वास खालावला नव्हता. फ्लो पाचवरच होता."

थाळ्या आल्या. वाढणाऱ्याने वाट्या नीट मांडल्या. तो गेल्यावर अपूर्वाने अगदी हळू आवाजात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये विचारावं तसं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी तुम्हाला विचारलं, ऑक्सिजन लवकर कसा संपला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तेराव्याला माहीत होतं. मी सगळ्या लोकांसमोर रडत होते, माझ्यामुळे झालं म्हणून सांगत होते, तेव्हा."

"हो."

"तुम्ही तिथेच बसला होता, बाबा. माझ्या शेजारी."

बळवंतरावांनी मान खाली घातली. समोरच्या आमटीवर साय धरायला लागली होती.

"मी गाडी चालवणं सोडलं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे? कुठल्याही लाइनमध्ये मागून कुणी 'एक्सक्यूज मी' म्हटलं ना, तर मी वळूनही बघत नाही. मी कुणाला पुढे जाऊ देत नाही. म्हाताऱ्या माणसांनासुद्धा नाही. चैतन्य म्हणतो, तू अशी नव्हतीस." तिचा आवाज आता चढला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं. "आणि त्या बाईचा नवरा. साडेचार वर्षं मी त्याला शाप देतेय. रोज. तो जगला असेल तर माझ्या आईच्या जिवावर जगला, असं वाटायचं मला. मेला असेल तर बरं झालं, असंही वाटायचं. मी असा विचार करायचे, बाबा! एका माणसाबद्दल, ज्याचा चेहरापण मी नीट बघितला नाही. आणि त्याने काय केलं होतं?"

"काही नाही," बळवंतराव म्हणाले. "त्यानेही नाही, तूही नाही. मीच."

"मला हे चार वर्षांपूर्वी ऐकायचं होतं."

तिने पर्स उचलली. पानं उचलायला हात पुढे केला, मग तशीच राहू दिली. ती दारातून बाहेर जाईपर्यंत बळवंतराव बघत राहिले. हाक मारावी असं त्यांना वाटलं नाही. हाक मारायचा अधिकार आपल्याला उरलाय असंच वाटेना. दोन्ही थाळ्या तशाच राहिल्या. वाढणारा येऊन म्हणाला, "काका, पॅक करून देऊ का?" त्यांनी नुसती मान हलवली.

पुढचे रविवार कोरडे गेले. अकरा वाजले की बळवंतराव फोन घेऊन खुर्चीत बसायचे, बारा वाजता उठायचे. जानेवारीत एकदा फोन वाजला, पण तो फक्त मेसेज होता. कसलाही मजकूर नसलेली एक लिंक. त्यांनी उघडली. 'इंजिनाचा आकार कसा मोजतात', असा तो लेख होता. सिरिंज होती, धाव होती, 'पिस्टन झाडून काढतो ती जागा' होती, बाराशेची रेघही होती. चौदाशे अठ्ठ्याण्णवला दीड का म्हणतात तो भाग मात्र कुठेच नव्हता. शेवटी त्यांचं नावही नव्हतं. त्यांनी लेख तीनदा वाचला. एका ठिकाणी 'व्यास' ऐवजी 'व्यस' झालं होतं. ते कळवावं की नाही याचा विचार त्यांनी दोन दिवस केला आणि कळवलं नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला, शुक्रवारी दुपारी, दारावरची घंटा वाजली. दारात अपूर्वा उभी होती. घराकडे तिने पाहिलं नाही, आतही आली नाही.

"मी फरीदाबादला चाललेय. त्या कारखान्यावर. खाली कॅब उभी आहे. तुम्हाला यायचं असेल तर या."

त्यांनी चपला घातल्या. कॅबमध्ये ती खिडकीच्या बाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तेव्हा तिथे रजिस्टरमध्ये नाव आणि फोन नंबर लिहून घ्यायचे. त्या बाईचं नाव माझ्या वरच्या ओळीत असेल. मला फक्त एवढं जाणून घ्यायचंय, तो वाचला का."

कारखान्याच्या फाटकाला दुसऱ्याच नावाची पाटी होती. आता तिथे पुठ्ठ्याची खोकी बनत. पहारेकरी वयस्कर होता. त्याने दोघांचं सगळं ऐकून घेतलं, प्लास्टिकची खुर्ची बळवंतरावांपुढे सरकवली आणि म्हणाला, "साहब, वो लोग तो दो साल पहले सब समेटकर चले गए. रजिस्टर कहाँ मिलेगा? उन दिनों यहाँ से वहाँ तक आदमी ही आदमी थे. किसका नाम, किसका पता."

अपूर्वाने त्याला ती जागा दाखवायला सांगितली, जिथे रांग उभी असायची. तो रस्त्याकडेच्या भिंतीलगत घेऊन गेला. तिथे आता टेम्पो उभे होते. ती भिंतीपाशी थांबली आणि रडायला लागली. आधी आवाज न करता, मग मोठ्याने, तोंडावर हात न घेता. आईच्या वेळी ती अशी रडली नव्हती. तेव्हा ती सगळा वेळ क्षमा मागत होती, आणि क्षमा मागताना माणसाला धड रडताही येत नाही. बळवंतराव तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं. त्यांनी हात उचललाही. मग तो खाली घेतला.

परतताना तिनेच विचारलं. "आई शेवटी काही बोलली?"

"नाही."

"काहीच नाही?"

बळवंतरावांना आणखी एक खोटं सहज बोलता आलं असतं, आणि ते गोडही झालं असतं. त्यांनी ते गिळलं.

"बोलायची ताकद नव्हती. माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघत होती. तिलाही मी चारच सांगितलं होतं ना. तू चारच्या आत येतेस म्हणून."

अपूर्वाने डोळे मिटले. मयूर विहार येईपर्यंत ती तशीच बसून होती. उतरताना बळवंतराव म्हणाले, "वर येतेस? चहा करतो."

"नको. आज नको." मग म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला माफ केलं असं मी नाही म्हणू शकत. म्हणजे, म्हणता येत नाही. ट्राय केलं मी."

"नको म्हणूस. खरं नसेल ते म्हणूच नकोस."

"आणि फोन करीन की नाही तेही माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि कॅबचं दार त्यांनी हळूच लावलं.

पहिला रविवार गेला, दुसरा गेला. बळवंतरावांनी वाट बघायची नाही असं ठरवलं होतं, आणि बघत होते. तिसऱ्या रविवारी ते भाजी निवडत बसले असताना फोन आला.

"बाबा, आई ती चिंच-गुळाची आमटी करायची ना, त्यात गूळ कधी घालायचा? फोडणीच्या आधी की नंतर? दोनदा केली मी, तशी लागत नाही."

बळवंतरावांनी आठवायचा प्रयत्न केला. पंचेचाळीस वर्षं त्यांनी ती आमटी खाल्ली होती. ओट्यापाशी उभं राहून एकदाही पाहिली नव्हती.

"मला माहीत नाही गं," ते म्हणाले.

"अच्छा," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली.